ते ईमेल पुसू नका, आधी वाचून काढा

प्रश्न : मी एका कंपनीच्या विधी विभागात वकील आहे. आमची कंपनी घडीच्या शिड्या बनवते आणि त्या अनेक देशांत विकल्या जातात. एका ग्राहक बाईंनी आमच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. त्या शिडीवर उभ्या असताना बिजागरीचा खटका सुटला, शिडी मिटली आणि त्या खाली पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आमच्या माहितीपुस्तिकेत 'वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नये' असं छापलेलं आहे आणि त्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या होत्या. पण आमच्याच जाहिरातीतला माणूस त्याच पायरीवर उभा राहून दिवा बदलताना दिसतो. शिवाय खटका सैल असल्याच्या काही तक्रारी याआधी ईमेलवर आल्या होत्या. माझे वरिष्ठ म्हणतात, "लेखी जबाबात सगळं त्या बाईंच्या निष्काळजीपणावर टाका." विक्री विभागाचे प्रमुख म्हणतात, "जुने ईमेल साफ करून टाकू." हे काम मी करावं का, असा प्रश्न मला रोज पडतो. करायचं ठरवलं तर नीट लढायचं कसं? त्या बाईंना एकदा भेटून यावं असंही फार वाटतं. – अस्वस्थ वकील

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण उद्यापर्यंत थांबू शकत नाही असा एकच आहे, तो ईमेलचा. हे वाचून झाल्याबरोबर एक लेखी सूचना काढा : या शिडीशी, तिच्या खटक्याशी आणि या दाव्याशी संबंधित काहीही कोणी पुसायचं नाही, बदलायचं नाही, फेकायचं नाही. ती विक्री, ग्राहकसेवा, आरेखन आणि गुणवत्ता तपासणी या सगळ्या विभागांना गेली पाहिजे. संगणक विभागाला ती स्वतंत्रपणे द्या. बऱ्याच कंपन्यांत ठरावीक मुदतीनंतर जुने ईमेल आपोआप पुसले जातात. ती व्यवस्था कोणी थांबवली नाही, तर कोणाच्या मनात काही नसतानाही पुरावा नाहीसा होतो. कर्मचाऱ्यांच्या फोनवरचे कामाचे निरोपही यात येतात. विक्री प्रमुखांना तोंडी समजावून सांगाच, पण सूचना लेखी द्या आणि मिळाल्याची पोच ठेवा.

ते विचारतील, कोणाला कळणार आहे? त्यांना सांगा की ज्या ग्राहकांनी ते ईमेल पाठवले, त्यांच्याकडे त्यांची प्रत आहे. त्यांतला एक जरी दावा लावणाऱ्या बाईंच्या वकिलांपर्यंत पोचला, तर खटला खटक्याचा राहणार नाही, तो लपवाछपवीचा होईल. दोष कोणत्याही कारखान्यात निघू शकतो हे न्यायाधीशांना ठाऊक असतं. दोष माहीत होता आणि त्याच्या खुणा पुसल्या, हे मात्र कोणी समजून घेत नाही. कायदाही तेच सांगतो. अमेरिकेतल्या दिवाणी कार्यपद्धतीच्या नियम ३७(ई) मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. समोरच्याला पुरावा मिळू नये या हेतूने डिजिटल माहिती नष्ट केली, तर ती माहिती तुमच्या विरोधातच होती असं गृहीत धरायला न्यायालय ज्यूरीला सांगू शकतं. भारतात, हाताशी असलेला पुरावा पुढे न आणणाऱ्याच्या विरोधात तसंच अनुमान काढण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही ती आहे. युरोपीय संघाचा २०२४ चा नवा उत्पादन दायित्व निर्देश, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या नुकसानाला कोण जबाबदार हे ठरवणारा कायदा, एक पाऊल पुढे जातो. न्यायालयाने मागितलेला पुरावा कंपनीने दिला नाही, तर उत्पादन सदोष होतं असंच गृहीत धरायचं. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांना तो लागू होईल.

ईमेल जपून ठेवले की पुढचं काम ते वाचण्याचं. एक एक तक्रार घ्या. शिडी कोणत्या बॅचची, किती जुनी, खटका सैल होता म्हणजे नेमकं काय होतं, ग्राहकसेवेने काय उत्तर दिलं, ते उत्तर कोणी पाहिलं? हे वाचताना तुम्हाला कंपनीच्या विरोधातल्याच गोष्टी सापडतील असं नाही. कदाचित सगळ्या तक्रारी एकाच बॅचच्या असतील आणि या बाईंची शिडी दुसऱ्या बॅचची असेल. कदाचित खटक्याचं आरेखन मधल्या काळात बदललेलं असेल. किंवा उलटं निघेल : तीच बॅच, तोच खटका आणि ग्राहकसेवेचं तेच ठरलेलं उत्तर. तसं असेल तर ते कंपनीला तुमच्या तोंडून आज कळू द्या, उलटतपासणीत कळायला नको.

जुन्या तक्रारींचं वजन किती असतं, हे १९९४ सालच्या मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीच्या खटल्यात दिसलं. तो विनोद म्हणूनच जास्त सांगितला जातो, याचं मला वाईट वाटतं. स्टेला लीबेक या ७९ वर्षांच्या बाईंना सांडलेल्या कॉफीने इतकं भाजलं की त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी आधी सुमारे २०,००० डॉलर मागितले होते. कंपनीने ८०० डॉलर देऊ केले. खटल्यात बाहेर आलं की भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच होत्या. विकलेल्या अब्जावधी कपांच्या मानाने हा आकडा नगण्य आहे, असं कंपनीचे तज्ज्ञ म्हणाले. हिशेब चुकीचा नव्हता. पण ते वाक्य ज्यांच्यासमोर उच्चारलं गेलं, त्यांनी जळलेल्या त्वचेचे फोटो पाहिलेले होते. ज्यूरीने भरपाईबरोबरच २७ लाख डॉलरचा दंड सुनावला. न्यायाधीशांनी तो ४,८०,००० पर्यंत खाली आणला आणि शेवटी प्रकरण आपसांत मिटलं. तुमच्या शिड्या लाखांनी विकल्या गेल्या असतील आणि तक्रारी मोजक्या असतील, तर तो आकडा जरूर मांडा. पण त्या मोजक्या तक्रारींचं आम्ही काय केलं, हे त्याच्या शेजारी मांडता आलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष शिडीकडे या. माझ्या अनुभवात कंपनीचे वकील सगळ्यात जास्त हयगय इथेच करतात. कागदांवर महिने जातात आणि मोडलेली वस्तू कोणी नीट पाहिलेलीच नसते. शिडी सध्या कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, कोणी तिला हात लावला आहे का, हे तक्रारदारांच्या वकिलांना पत्र लिहून विचारा आणि ती आहे तशीच ठेवायची विनंती करा. 'तपासणीसाठी कारखान्यात पाठवा' असं मात्र लिहू नका. एकट्याने उघडलेल्या वस्तूबद्दल नंतर तुम्ही काहीही सांगा, त्यावर विश्वास बसत नाही. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ हजर, चित्रीकरण चालू, तपासणीचा क्रम आधी लेखी ठरलेला, अशी संयुक्त तपासणी मागा. आधी नुसती पाहणी, मग मोजमाप, मग क्ष-किरण. कापायचं काम सगळ्यात शेवटी आणि दोघांच्या सहीने.

त्या खटक्यात पुष्कळ काही लिहिलेलं असतं. पिन भोकात पूर्ण बसलेली होती का? भोकाच्या कडेवर घासल्याच्या खुणा एकाच बाजूला आहेत का? स्प्रिंग मूळ मापाची आहे की कोणी दुसरी घातली आहे? पिन तुटलेली असेल, तर तुटलेला पृष्ठभाग पाहा. अचानक आलेल्या जास्त भाराने धातू तुटला की तो भाग खरबरीत दिसतो आणि बऱ्याचदा आजूबाजूचा धातू ताणून वाकलेला असतो. तडा हळूहळू वाढत गेला असेल तर तिथे झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकापुढे एक पट्टे दिसतात, कधी नुसत्या डोळ्यांनी, कधी सूक्ष्मदर्शकाखाली. पहिल्या प्रकारात तुमचा बचाव तग धरू शकतो. दुसऱ्या प्रकारात ती पिन त्या दिवशी तुटायच्या कितीतरी आधीपासून तुटत होती आणि बाई कोणत्या पायरीवर उभ्या होत्या याला फारसं महत्त्व उरत नाही. भोकात वाळलेला रंग अडकून पिन अर्धवट बसली होती, असंही निघू शकतं. ते कंपनीच्या बाजूचं वाटेल, पण घाई करू नका. शिडी रंगकामाला वापरली जाणार हे तुम्हाला माहीत होतंच. मग रंगाच्या थेंबाने बंद पडणारा खटका का केला, हा प्रश्न समोरून येणारच.

खटका बाहेरच्या पुरवठादाराकडून येत असेल, तर त्यालाही ताबडतोब लेखी कळवा आणि करारातलं नुकसान भरून देण्याचं कलम काढून ठेवा. पण 'तो भाग आमचा नाही' हे जखमी माणसाला द्यायचं उत्तर नव्हे. १९१६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात ब्यूक मोटार कंपनीने तेच सांगून पाहिलं होतं. मोडलेलं लाकडी चाक दुसऱ्या कारखान्याचं होतं. रीतसर तपासणी केली असती तर दोष दिसला असता, मग ती तुम्ही का केली नाही, असं न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ठरवलं आणि कंपनीला जबाबदार धरलं.

वरिष्ठांच्या सांगण्यात तथ्य आहे. चुकीचा वापर हा खरा बचाव आहे. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ मध्ये, अपघाताच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर (यात स्वतः माल विकणारा उत्पादकही येतो) उत्पादन दायित्वाची कारवाई होऊ शकत नाही असं म्हटलं आहे. इतर देशांतही त्याला या ना त्या रूपात जागा आहे. पण जवळपास सगळीकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो : माणसं असं वागतील हे कंपनीला आधी दिसत होतं का? वरच्या पायरीवर कोणीतरी चढणार, हे शिडी बनवणाऱ्याला दिसत नव्हतं असं म्हणता येत नाही. तुमच्या जाहिरातीत तर ते छापलेलंच आहे. युरोपच्या १९८५ च्या निर्देशात वस्तू सदोष आहे का हे ठरवताना ती लोकांपुढे कशी मांडली गेली, हे पाहायला सांगितलं आहे. १९६३ सालचा कॅलिफोर्नियाचा ग्रीनमन खटला तुम्ही मुळातून वाचाच. तिथेही वस्तू घरगुती होती, सुतारकामाचं एक यंत्र. लाकडाचा तुकडा उडून ग्रीनमन यांच्या कपाळावर बसला. यंत्राच्या मजबुतीबद्दल कंपनीच्या माहितीपत्रकात जे लिहिलं होतं, तेच कंपनीच्या विरोधात उभं राहिलं. त्याच निकालात न्यायमूर्ती ट्रेनर यांनी सांगितलं की सदोष वस्तू बाजारात आणून कोणी जखमी झालं, तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी उत्पादक जबाबदार असतो.

म्हणजे पायरीचा मुद्दा सोडून द्यायचा का? मुळीच नाही. भरपाईत वाटा कमी करायला तो उपयोगी पडेल. शिवाय, ठरलेल्या पायरीवर उभं राहिलं तर खटका टिकतो, असं तज्ज्ञांच्या चाचणीत दिसलं तर तो मुद्दा भक्कम होईल. फक्त तो ज्या सुरात मांडता, तो सूर बदला. 'तक्रारदार स्वतःच्या घोर निष्काळजीपणामुळे पडल्या असून त्यांनी कंपनीला त्रास देण्याच्या हेतूने खोटा दावा लावला आहे', असं वाक्य तुमच्या वरिष्ठांना अपेक्षित असेल. त्याऐवजी असं लिहून बघा : 'अपघात झाला व तक्रारदारांना दुखापत झाली, हे कंपनी नाकारत नाही. शिडी सदोष होती हे कंपनीला मान्य नाही. अपघाताच्या वेळी खटका पूर्ण बसलेला होता की नाही, हे संयुक्त तपासणीशिवाय सांगता येणार नाही. वरच्या दोन पायऱ्यांबाबतची सूचना शिडीसोबत दिलेली होती.' यात तुम्ही हरण्यासारखं काहीही कबूल केलेलं नाही. हाड मोडलेल्या बाईंना खोटारडं मात्र म्हटलेलं नाही, आणि उद्या तपासणीत काही वेगळं निघालं तर हे वाक्य गिळावं लागणार नाही. एक खात्री मात्र करून घ्या : ती सूचना फक्त पुस्तिकेत आहे की शिडीवरही चिकटवलेली आहे? पुस्तिका खोक्याबरोबर जाते, शिडी वर्षानुवर्षं वापरात राहते.

मुदतीही पाहा. दावा कोणत्या देशात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. भारतातल्या ग्राहक आयोगासमोर असेल तर लेखी जबाबाला ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली हिल्ली मल्टिपर्पज कोल्ड स्टोअरेजच्या प्रकरणात नक्की केलं. पण त्याहून कमी वेळ देणारी मुदत दुसरीच आहे आणि ती दाव्यावर अवलंबून नाही. माल जिथे जिथे विकला जातो, तिथल्या सुरक्षा यंत्रणेला कळवण्याची ती मुदत. अमेरिकेत वस्तूत धोकादायक दोष असल्याचं सुचवणारी माहिती हाती आल्यावर २४ तासांत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला कळवावं लागतं. आणखी चौकशी करायची असेल तर त्यासाठी साधारण १० कामाचे दिवस धरले जातात. ऑस्ट्रेलियात गंभीर दुखापत कळल्यापासून २ दिवस. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमावलीनुसार विनाविलंब. तुमच्या ईमेलमधल्या तक्रारी या व्याख्येत बसतात का, हे प्रत्येक देशाच्या स्थानिक वकिलांना याच आठवड्यात विचारा. इथली चूक दाव्यापेक्षा महागात पडते.

खटक्याचं आरेखन सुधारायचं असेल तर दावा चालू आहे म्हणून थांबू नका. सुधारलं तर कबुली दिल्यासारखं होईल, ही भीती मी अनेक व्यवस्थापकांच्या तोंडून ऐकली आहे. अमेरिकेच्या संघराज्य पुरावा नियम ४०७ नुसार, दुखापतीनंतर केलेली सुधारणा वस्तू सदोष होती हे दाखवायला वापरता येत नाही. १९९७ पासून ते उत्पादनांनाही स्पष्टपणे लागू आहे. प्रत्येक देशात असं संरक्षण नाही, हे खरं. तरीही पुढचा माणूस त्याच खटक्यावरून पडला, तर त्याच्या दाव्यात तुमच्याकडे बोलायला काय उरेल?

अंतर्गत चौकशी तुमच्या देखरेखीखाली झाली तर तुमचा आणि कर्मचाऱ्यांचा पत्रव्यवहार बऱ्याच ठिकाणी गोपनीय राहतो. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या अपजॉन खटल्यात सांगितलं, तसं संरक्षण संभाषणाला असतं, घडलेल्या गोष्टींना नाही. विक्री प्रमुखांना हा फरक सांगा. वकिलाला प्रत पाठवली म्हणून जुना तक्रारीचा ईमेल गुप्त होत नाही.

आता तुम्हाला रोज पडणारा प्रश्न. कंपनीचा बचाव करणं कमी प्रतीचं काम आहे असं मला वाटत नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. गरोदरपणातल्या मळमळीवर दिल्या गेलेल्या दोन औषधांची हकिगत बघा. थॅलिडोमाइड १९५७ साली जर्मनीत बाजारात आलं. ते घेणाऱ्यांच्या मज्जातंतूंना इजा होत असल्याच्या तक्रारी डॉक्टरांकडून कंपनीकडे येत होत्या. कंपनी त्यांच्याशी वाद घालत राहिली. १९६१ च्या नोव्हेंबरात तिथे औषध मागे घेतलं, पण त्याच्यामुळे जगभरात सुमारे दहा हजार मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. दुसरं बेंडेक्टिन. त्यानेही मुलांमध्ये व्यंगं येतात असे शेकडो दावे अमेरिकेत दाखल झाले. अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही, तरी दाव्यांच्या ओझ्याखाली कंपनीने १९८३ साली ते बंद केलं. त्याच औषधाच्या खटल्यात १९९३ साली डॉबर्ट निकाल आला आणि तज्ज्ञाची साक्ष शास्त्रीय कसोटीवर उतरते का, हे पाहणं न्यायाधीशांचं काम ठरलं. अखेर खटला कंपनीच्या बाजूने गेला. तेच दोन घटक असलेलं औषध अमेरिकेत नव्या नावाने परत आलं ते २०१३ साली. मधली तीस वर्षं तिथल्या गरोदर बायकांना ते तयार मिळत नव्हतं.

पहिल्या कंपनीला गरज होती ती तक्रारी वाचून 'थांबा' म्हणणाऱ्या वकिलाची. दुसरीला गरज होती ती आकडे घेऊन शेवटपर्यंत लढणाऱ्या वकिलाची. दोन्ही माणसं एकाच खुर्चीत बसतात. तुमची कंपनी यांपैकी कोणत्या जागी आहे, हे खटका तपासल्याशिवाय तुम्हाला, मला किंवा तुमच्या वरिष्ठांना कळणार नाही. म्हणून आज राजीनामा देऊ नका. ईमेल जपले गेले, शिडी प्रामाणिकपणे तपासली गेली आणि जे निघालं ते संचालकांपुढे तुम्हाला मांडू दिलं, तर हे काम जरूर करा, मन लावून करा. दोष तुमचा निघाला तर लवकर तडजोड करा आणि ती कंजूषपणे करू नका. नाही निघाला तर ताठ उभं राहून लढा. पण लेखी सूचना देऊनही कोणी ईमेल पुसले आणि वरिष्ठांनी तिकडे डोळेझाक केली, तर संचालक मंडळाला लेखी कळवा. तिथेही ऐकलं गेलं नाही तर या प्रकरणातून बाहेर पडा. खोट्या जबाबाखाली सही तुमची असेल, आणि सनदही तुमचीच पणाला लागेल.

त्या बाईंना भेटायला जाऊ नका. इच्छा चांगली आहे, पण त्यांनी वकील दिला असेल तर समोरच्या बाजूच्या वकिलाने परस्पर जाऊन भेटणं वकिलीच्या नियमांत बसत नाही, आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाला ते दडपण वाटू शकतं. त्यांच्या वकिलांमार्फत पत्र पाठवा. झालेल्या दुखापतीबद्दल खेद व्यक्त करा. ब्रिटिश कोलंबियाचा २००६ चा माफी कायदा किंवा न्यू साउथ वेल्सचा २००२ चा नागरी दायित्व कायदा अशा ठिकाणी माफी ही दायित्वाची कबुली धरली जात नाही. तुमच्या दाव्याच्या देशात काय आहे ते तपासून शब्द बेता. दोन्ही बाजूंचे हक्क अबाधित ठेवून शस्त्रक्रियेचा आणि व्यायामोपचारांचा खर्च आत्ताच उचलायची तयारी दाखवता आली तर दाखवा. मात्र पत्राचा मसुदा आधी विमा कंपनीकडे पाठवा. तिच्या संमतीशिवाय कोणतंही दायित्व स्वीकारलं किंवा रक्कम देऊ केली, तर विम्याचं संरक्षण जाऊ शकतं, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. दाव्याची खबर तिला अजून दिली नसेल, तर तीही त्याच पत्रात द्या.